मित्रांच्या श्वासासाठी लिहिणारा मोत्झार्ट

साल्झबुर्गच्या दरबारातील ट्रम्पेटवादक आंद्रेआस शाख्टनर हे मोत्झार्ट कुटुंबाचे जुने स्नेही होते. वोल्फगांग आमाडेउस मोत्झार्टच्या निधनानंतर, १७९२मध्ये, त्यांनी त्याच्या थोरल्या बहिणीला एक दीर्घ पत्र लिहिले आणि त्याच्या बालपणीच्या काही आठवणी त्यात नोंदवल्या. त्यांतील एक आठवण चमत्कारिक आहे. जवळजवळ दहा वर्षांचा होईपर्यंत वोल्फगांगला ट्रम्पेटची विलक्षण धास्ती होती. इतर वाद्यांच्या साथीत ट्रम्पेट वाजला तर तो सहन करी. एकटा वाजू लागला की त्याचा थरकाप होई. मुलाची भीती मोडावी म्हणून वडिलांनी एकदा शाख्टनर यांना त्याच्यासमोर ट्रम्पेट फुंकायला सांगितले. पहिला स्वर कानी पडताच मुलाचा चेहरा पांढराफटक पडला आणि तो कोसळू लागला. वादन तिथेच थांबवावे लागले.

हाच मुलगा पुढे युरोपातील सुषिर वाद्यांचा, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यांचा, सर्वांत मोठा रचनाकार ठरला. बसून, ओबो, फ्लूट, हॉर्न आणि क्लॅरिनेट या पाचही वाद्यांसाठी त्याने लिहिलेले कॉन्चेर्तो आज सव्वादोनशे वर्षांनंतरही जगभरच्या वादकांच्या नित्य रियाजात आहेत. कॉन्चेर्तो म्हणजे एक किंवा अधिक प्रमुख वादक आणि संपूर्ण वाद्यवृंद यांच्यातील संवाद. त्याचे बहुधा तीन भाग असतात, पहिला व तिसरा जलद आणि मधला संथ. मोत्झार्टच्या या रचनांपैकी बहुतेकींच्या मागे एक ठरावीक वादक, त्याची ताकद, त्याच्या मर्यादा आणि बहुतेक वेळा त्याच्याशी असलेली मैत्री उभी आहे. त्या मैत्रीची किंमतही मोत्झार्टने वेळोवेळी मोजली.

त्याचा जन्म २७ जानेवारी १७५६ रोजी साल्झबुर्ग येथे झाला. वडील लेओपोल्ड हे दरबारी व्हायोलिनवादक व शिक्षक. त्याच वर्षी त्यांचा व्हायोलिनवादनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. मुलाची असामान्य बुद्धी ओळखून त्यांनी १७६३ ते १७६६ या काळात त्याला आणि बहिणीला घेऊन पॅरिस, लंडन, हेग अशी दरबारोदरबारी भ्रमंती केली. राजेरजवाड्यांसमोर वाजवणारा हा बालक तरुण झाला तेव्हा मात्र साल्झबुर्गच्या आर्चबिशपच्या पदरी एक वेतनदार संगीतकार म्हणून उभा होता. सुषिर वाद्यासाठीचा त्याचा पहिला उपलब्ध कॉन्चेर्तो याच काळातला. ४ जून १७७४ ही तारीख असलेला बसूनचा तो कॉन्चेर्तो त्याने अठराव्या वर्षी लिहिला. बसून हे लाकडी, खर्जातले वाद्य. वाद्यवृंदात बहुतेक वेळ पायाचे स्वर धरून बसणाऱ्या या वाद्याला मोत्झार्टने गायकाचे स्थान दिले. संथ भागात ते एखाद्या ऑपेरातील नायिकेसारखे गाते आणि जलद भागांत मोठमोठ्या उड्या घेत विनोदही करते.

साल्झबुर्ग त्याला अपुरे पडू लागले होते. १७७७मध्ये नोकरी सोडून, आईला सोबत घेऊन तो नव्या आश्रयाच्या शोधात निघाला आणि ऑक्टोबरअखेर मानहाइमला पोहोचला. तेथील दरबारी वाद्यवृंद त्या काळी युरोपातील सर्वोत्तम वृंदांत गणला जाई. त्यात क्लॅरिनेटेही होती. साल्झबुर्गच्या वृंदात ती नव्हती, आणि त्यांच्यामुळे सिंफनीला केवढी शोभा येते हे त्याने पुढे वडिलांना हळहळत कळवले. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्याला तेथे मित्र मिळाले. फ्लूटवादक योहान बाप्टिस्ट वेंडलिंग, ओबोवादक फ्रीडरिश राम्म आणि बसूनवादक गेओर्ग वेन्झेल रिटर यांच्या घरी त्याचे जाणे-येणे सुरू झाले. ओबो हे आपल्या सनईचे दूरचे भावंड. तेही दुहेरी पत्तीतून वाजते. साल्झबुर्गच्या दरबारातील जुझेप्पे फेर्लेन्दिस या इटालियन वादकासाठी मोत्झार्टने नुकताच एक ओबो कॉन्चेर्तो लिहिला होता. तो त्याने राम्मला भेट दिला. राम्मला तो इतका भावला की त्या एकाच हिवाळ्यात त्याने तो मानहाइममध्ये पाच वेळा वाजवला.

याच सुमारास फर्डिनांड देजाँ नावाचा एक हौशी फ्लूटवादक पुढे आला. डच ईस्ट इंडिया कंपनीत वैद्य म्हणून पूर्वेकडील देशांत नोकरी करून, बरीच माया जमवून तो युरोपात परतला होता. काही कॉन्चेर्तो आणि फ्लूटसाठी चतुष्के लिहून दिल्यास दोनशे गुल्डन देण्याचे त्याने कबूल केले. मोत्झार्टला पैशांची निकड होती, तरी काम पुढे सरकेना. मन दुसरीकडे गुंतले होते. आलॉइझिया वेबर या तरुण गायिकेच्या तो प्रेमात पडला होता. शेवटी त्याने दोनच कॉन्चेर्तो हाती ठेवले, आणि त्यांतला दुसरा म्हणजे राम्मला दिलेला ओबो कॉन्चेर्तोच एक स्वर वर चढवून फ्लूटसाठी बेतलेला होता. देजाँने मोजून शहाण्णव गुल्डन दिले. वडील संतापले, तेव्हा आपल्याला न आवडणाऱ्या वाद्यासाठी सतत लिहिताना मन बधिर होते अशी सबब मोत्झार्टने पुढे केली. तरीही त्या कॉन्चेर्तोंत कंटाळ्याची खूण शोधून सापडत नाही. मूळ ओबोच्या रचनेचा पुढे पत्ता लागेना. साल्झबुर्गमध्ये १९२०मध्ये तिच्या वादनप्रती हाती आल्या तेव्हा कुठे फ्लूटच्या त्या कॉन्चेर्तोचे खरे कूळ उलगडले.

मार्च १७७८मध्ये मायलेक पॅरिसला पोहोचले. वेंडलिंग, राम्म आणि रिटर हे मानहाइमचे तिघेही तेथे आले होते. त्यांना चौथा येऊन मिळाला तो हॉर्नवादक जोव्हान्नी पुन्टो. त्याचे खरे नाव यान व्हात्स्लाव्ह श्टिख. तो बोहेमियातील एका सरदाराच्या बांधिलकीतून पळालेला. त्याला पुन्हा कधी हॉर्न वाजवता येऊ नये म्हणून त्याचे पुढचे दात पाडण्याचा हुकूम सरदाराने शिपायांना दिला होता, असे सांगितले जाते. इटालियन नाव घेऊन तो युरोपभर गाजत होता. असे चार वादक एका शहरात एकत्र येणे हा दुर्मीळ योग होता. मोत्झार्टने फ्लूट, ओबो, हॉर्न आणि बसून या चौघांना वाद्यवृंदासमोर बसवणारी एक सिन्फोनिया कॉन्चेर्तान्ते झपाट्याने लिहून काढली आणि पॅरिसच्या प्रतिष्ठित कॉन्सेर स्पिरित्युएल या संगीतसभेचे संचालक जोझेफ लग्रो यांच्या हाती दिली.

ती रचना वाजलीच नाही. नकला करायला दिलेली संहिता कागदांच्या ढिगाखाली तशीच पडून राहिली. राम्म आणि पुन्टो रागाने लालबुंद होऊन मोत्झार्टकडे आले आणि आपली रचना का वाजत नाही म्हणून विचारू लागले. त्यालाही ते ठाऊक नव्हते. काम्बिनी या इटालियन संगीतकाराने हे घडवले असावे असा त्याचा संशय होता. काही दिवसांपूर्वी लग्रोंच्या घरी काम्बिनीचे एक चतुष्क त्याने आठवणीतून वाजवले होते, आणि जेथे आठवले नाही तेथे स्वतःची भर घातली होती. ती भर मुळाहून सरस होती, आणि बहुधा तेच काम्बिनीला झोंबले. लग्रोंनी संहिता विकत घेतली. आपल्या डोक्यात ती अजून ताजी आहे, घरी गेल्यावर पुन्हा लिहून काढू, असे मोत्झार्टने वडिलांना कळवले. ते त्याने केल्याचा कोणताही पुरावा नाही. एकोणिसाव्या शतकात ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न आणि बसून यांच्यासाठीची एक रचना नकलेच्या रूपात पुढे आली आणि तीच ती, असे मानून आजही वाजवली जाते; परंतु ती त्याचीच का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

त्याच वसंतात गीनचे ड्यूक आणि त्यांची कन्या यांच्यासाठी त्याने फ्लूट आणि हार्प यांचा कॉन्चेर्तो लिहिला. वडील फ्लूट उत्तम वाजवीत, मुलगी हार्प. मोत्झार्ट तिला संगीतरचनाही शिकवीत असे. चार महिने उलटले तरी ड्यूकने कॉन्चेर्तोचे पैसे दिले नव्हते. त्या धावपळीत, भाड्याच्या अंधाऱ्या खोल्यांत एकाकी दिवस काढणारी आई जूनमध्ये आजारी पडली. ३ जुलै १७७८च्या रात्री तिने प्राण सोडला. बावीस वर्षांचा मुलगा परक्या शहरात तिच्या उशाशी होता. त्या रात्री त्याने दोन पत्रे लिहिली. वडिलांना लिहिले की आई फार आजारी आहे. साल्झबुर्गमधील एका धर्मगुरू मित्राला मात्र खरे कळवले आणि वडिलांच्या मनाची तयारी करण्याची विनंती केली.

१७७९च्या आरंभी तो हात हलवीत साल्झबुर्गला परतला. मानहाइमचा दरबार एव्हाना म्युनिकला हलला होता, आणि जुन्या मित्रांची गाठ पुन्हा तेथे पडली. २९ जानेवारी १७८१ रोजी त्याचा इदोमेनेओ हा ऑपेरा म्युनिकमध्ये रंगमंचावर आला. त्यात ट्रॉयची बंदिवान राजकन्या इलिया आपल्या गमावलेल्या पित्याची आठवण काढत एक गीत गाते. मोत्झार्टने तिच्या साथीला चार सुषिर वाद्ये दिली : फ्लूट, ओबो, हॉर्न आणि बसून. पॅरिसमध्ये गप्प बसवले गेलेले तेच चार आवाज अडीच वर्षांनी गायिकेभोवती गुंफले गेले. इलियाची भूमिका करणारी दोरोथेआ वेंडलिंग ही फ्लूटवादक वेंडलिंगची पत्नी होती.

त्याच वर्षी आर्चबिशपशी त्याचे कायमचे बिनसले. राजीनाम्याचा अर्ज घेऊन गेलेल्या मोत्झार्टला दरबारातील सरदार आर्को याने लाथ मारून दाराबाहेर काढले. ते अपमानाचे दार ओलांडून तो व्हिएन्नात स्वतंत्र संगीतकार म्हणून राहू लागला. ४ ऑगस्ट १७८२ रोजी आलॉइझियाची धाकटी बहीण कॉन्स्टान्झे हिच्याशी त्याने विवाह केला. त्याच वर्षी सम्राट योसेफ दुसरा याने आठ सुषिरवादकांचा दरबारी ताफा उभा केला, आणि व्हिएन्नात अशा ताफ्यांचे वेड पसरले. १७८४मध्ये मोत्झार्टने पियानो आणि चार सुषिर वाद्यांचे पंचक लिहिले. आजवर लिहिलेल्यात हेच सर्वोत्तम, असा निर्वाळा त्याने स्वतःच वडिलांना दिला. त्याच्या पियानो कॉन्चेर्तोंतही यानंतर फ्लूट, ओबो आणि क्लॅरिनेटे साथीदारांच्या जागेवरून उठून पियानोशी बरोबरीने बोलू लागली.

व्हिएन्नात त्याला बालपणीचा एक सोबतीही भेटला. योसेफ लॉइटगेब हा त्याच्याहून चोवीस वर्षांनी मोठा, पूर्वी साल्झबुर्गच्या दरबारात असलेला हॉर्नवादक. त्या काळच्या हॉर्नला कळी नव्हत्या. ती पितळेची वेटोळी नळीच असे, आणि ओठांच्या ताणावर निघतील तेवढेच नैसर्गिक स्वर तिच्यातून मिळत. मधले स्वर काढण्यासाठी वादक उजवा हात वाद्याच्या रुंद तोंडात घालून हवा कमी-अधिक अडवीत असे. अडवलेला स्वर दबका, तर मोकळा स्वर खणखणीत. हे दोन्ही एकाच गाण्यात बेमालूम मिसळण्यात लॉइटगेबचा हातखंडा होता. त्याने व्हिएन्नाच्या उपनगरात कर्जाऊ पैशांवर चीजच्या दुकानासह एक चिमुकले घर घेतले होते आणि लेओपोल्ड यांचेही काही पैसे थकवले होते. बिचाऱ्याला थोडी सवलत द्या, अशी रदबदली मोत्झार्टने १७८२मध्ये वडिलांकडे केली.

या लॉइटगेबसाठी त्याने हॉर्नचे कॉन्चेर्तो लिहिले आणि त्यांच्या हस्तलिखितांवर त्याची मनसोक्त टर उडवली. मे १७८३मधील कॉन्चेर्तोच्या माथ्यावर या गाढवाची, बैलाची आणि खुळ्याची आपल्याला दया आली अशा आशयाची नोंद आहे. १७८६मधील कॉन्चेर्तो काळ्या, तांबड्या, निळ्या आणि हिरव्या अशा चार शाईंत लिहिलेला आहे. वादकाला गोंधळात पाडण्यासाठी केलेली ती गंमत असावी असे दीर्घकाळ मानले गेले. अलीकडे काही अभ्यासकांना त्या रंगांत आवाजाच्या चढउताराचे संकेत दिसतात. या थट्टेच्या पाठीमागे केवढी आस्था होती हे शेवटच्या हॉर्न कॉन्चेर्तोवरून कळते. पूर्वी पहिला समजला गेलेला हा कॉन्चेर्तो प्रत्यक्षात १७९१मधला आहे, हे कागद आणि हस्ताक्षराच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. लॉइटगेब तेव्हा साठीकडे झुकला होता. मोत्झार्टने या रचनेत अति उंच आणि अति खर्जातले स्वर टाळले आणि थकत चाललेल्या ओठांना पेलेल तेवढेच लिहिले. अंतिम भागाच्या मसुद्यावर वादकाला चिडवणारे इटालियन शेरे आहेत. तो भाग अपुराच राहिला आणि मोत्झार्टच्या पश्चात त्याचा साहाय्यक झ्यूसमायर याने तो पुरा केला.

व्हिएन्नातील दुसरा सोबती आन्टोन श्टाडलर. लग्नाच्या वरातीतील बँडमुळे आपल्याकडे परिचित असलेले क्लॅरिनेट तेव्हा तुलनेने नवे वाद्य होते. श्टाडलर आणि त्याचा भाऊ सम्राटाच्या ताफ्यात ते वाजवीत. श्टाडलरला वरच्या पट्टीच्या चमकदार स्वरांपेक्षा खर्जाची ओढ अधिक. वाद्ये बनवणाऱ्या टेओडोर लोट्झच्या साहाय्याने त्याने नेहमीच्या क्लॅरिनेटपेक्षा चार अर्धस्वर खाली उतरणारे लांब क्लॅरिनेट घडवून घेतले. सप्टेंबर १७८९मध्ये मोत्झार्टने त्याच्यासाठी क्लॅरिनेट आणि चार तंतुवाद्यांचे पंचक लिहिले. ते वर्ष मोत्झार्टच्या घरी ओढगस्तीचे होते. कॉन्स्टान्झे आजारी होती आणि पुखबर्ग या व्यापारी मित्राकडे कर्जासाठी काकुळतीची पत्रे जात होती. तरीही श्टाडलरला उसने पैसे देताना त्याचा हात आखडला नाही.

१७९१च्या उत्तरार्धात त्याच्यावर कामाचा डोंगर कोसळला. सप्टेंबरच्या आरंभी प्रागमध्ये ‘ला क्लेमेंझा दी तितो’ हा ऑपेरा झाला आणि त्यातील दोन गीतांना श्टाडलरची साथ होती. ३० सप्टेंबरला व्हिएन्नात ‘जादूची बासरी’ रंगमंचावर आला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, बायको औषधी झऱ्यांच्या गावी गेलेली असताना, एकट्या मोत्झार्टने काळी कॉफी मागवली, चिलीम ओढली आणि श्टाडलरच्या कॉन्चेर्तोचा शेवटचा भाग जवळजवळ संपवला. तसे त्याने तिला पत्राने कळवले. पुढे क्योखेल यांनी त्याच्या रचनांची जी कालक्रमे सूची केली, तिच्या ६२६ क्रमांकांत या कॉन्चेर्तोचा क्रमांक ६२२ आहे. कोणत्याही एकल वाद्यासाठी त्याने लिहिलेला हा शेवटचा कॉन्चेर्तो.

त्यात ट्रम्पेट नाहीत, नगारे नाहीत, ओबोही नाहीत. दोन फ्लूट, दोन बसून, दोन हॉर्न आणि तंतुवाद्ये एवढाच परिवार. मधला संथ भाग क्लॅरिनेट अगदी साध्या, हळूहळू चढत जाणाऱ्या सुरावटीने सुरू करते आणि वाद्यवृंद तीच सुरावट भरल्या आवाजात परत करतो. पुढे क्लॅरिनेट वरच्या स्वरांवरून एकदम खर्जात उतरते, जणू एकच गायक दोन आवाजांत स्वतःशी बोलत आहे. शेवटी मूळ सुरावट पुन्हा येते, पहिल्यापेक्षाही हलक्या आवाजात. कौशल्य दाखवण्यासाठी वादकाला मोकळी सोडलेली दीर्घ जागा या कॉन्चेर्तोत कोठेही नाही.

श्टाडलरने तो १६ ऑक्टोबर १७९१ रोजी प्रागमध्ये वाजवला. मोत्झार्ट तेव्हा व्हिएन्नात होता. ५ डिसेंबरच्या पहाटे, रेक्विएम अर्धवट टाकून, पस्तिसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. मालमत्तेची मोजदाद झाली तेव्हा श्टाडलरकडून येणे असलेले पाचशे गुल्डन वसूल न होणाऱ्या रकमांत मांडावे लागले. श्टाडलर युरोपच्या दौऱ्यावर होता. कॉन्चेर्तोचे मूळ हस्तलिखितही हरवले. १८००मध्ये कॉन्स्टान्झेने प्रकाशकाला कळवले की श्टाडलरच्या म्हणण्यानुसार त्याची पेटी प्रवासात चोरीला गेली, परंतु त्याने ती त्र्याहत्तर डुकाटांना गहाण टाकल्याचे इतरांकडून कळते. छापून आला तो कॉन्चेर्तो नेहमीच्या क्लॅरिनेटसाठी बेतलेला होता. लांब क्लॅरिनेटसाठीचे खर्जाचे स्वर त्यात वर उचलून बसवलेले होते.

ते स्वर कोठे होते, हे लाइपझिगच्या एका संगीतपत्राने १८०२मध्ये छापील प्रतीच्या परीक्षणात दाखवून दिले होते. विसाव्या शतकात संशोधकांनी त्या आधारे आणि सुरुवातीच्या एका अपूर्ण मसुद्यावरून मूळ रूप जुळवत आणले. श्टाडलरचे वाद्य मात्र कोणी पाहिले नव्हते. १७९४मध्ये रीगा शहरात झालेल्या त्याच्या कार्यक्रमाच्या पत्रिका १९९२मध्ये उजेडात आल्या आणि त्यांवर त्या वाद्याचे चित्र निघाले. त्याबरहुकूम वाद्ये घडवली गेली. आज अनेक वादक तसल्या लांब क्लॅरिनेटवर हा कॉन्चेर्तो वाजवतात आणि ते चार खर्जाचे स्वर जागच्या जागी ऐकू येतात. पाचशे गुल्डन बुडवणाऱ्या मित्राच्या आवडीचे ते स्वर होते. मोत्झार्टने ते त्याच्यासाठीच लिहिले होते.